सिस्टर इतके प्रश्न का विचारतात?



आजचा विषय बायकांच्या ऑपरेशनाचा आहे. ते ऐकून मागे बसलेली काही पुरुष मंडळी उठायच्या बेतात दिसतात. त्यांनी बसावे. बाईला दवाखान्यात नेतो कोण? कागदावर सही करतो कोण? चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जातो कोण? बहुतेक वेळा आपणच. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही मॅट्रिक झालेले शाळामास्तर. उभी हयात मुलांना गणित आणि मराठी शिकवण्यात गेली. आज जे सांगणार आहोत त्यातही थोडे गणित आहे, पण ते बेरजेपलीकडचे नाही. जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, तेवढेच सांगतो.

बाईचे ऑपरेशन ठरते. कुणाची गर्भपिशवी काढायची असते. कुणाच्या पिशवीत गाठ असते. कुणाचे अंग बाहेर येते. कुणाचे सिझेरियन असते. बाई दवाखान्यात भरती होते. खाट मिळते. मग सिस्टर एक कागद घेऊन येतात आणि विचारू लागतात. वय किती? वजन किती? पाय सुजतात का? पायावर निळ्या शिरा फुगल्यात का? पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का? तुमच्या आईला, भावाला, बहिणीला झाली होती का? कोणत्या गोळ्या घेता? कधी गर्भ पडला होता का?

बरोबरची माणसे वैतागतात. "दुखणं पोटात, अन् ह्या पायाचं काय विचारतात?" असे म्हणतात. "ऑपरेशन हिचं का हिच्या भावाचं?" असेही म्हणतात. वैतागू नये. त्या प्रश्नांत बाईचा जीव आहे. कसा, ते आता पाहू.

विळा बोटाला लागला तर रक्त येते. थोडा वेळ बोट दाबून धरले की थांबते. का थांबते? रक्त तिथे गोठते. दुधाचे दही व्हावे तसे ते घट्ट होते आणि जखमेचे तोंड बंद होते. हा गुण रक्तात नसता, तर एका काट्याने माणूस मेला असता. म्हणजे रक्त गोठणे ही चांगली गोष्ट आहे. पण ती बाहेर, जखमेपाशी. तीच गोष्ट आत, धडधाकट शिरेच्या पोटात झाली, तर वाहत्या पाटात कुणी चिखलाचा बांध घालावा तसे होते. त्यालाच गुठळी म्हणतात.

ही गुठळी बहुधा पायाच्या खोल शिरेत होते. पायातच का? आपल्या विहिरीचा विचार करा. पाणी खाली, शेत वर. पाणी वर चढवायला पंप लागतो. आणि चढलेले पाणी परत खाली जाऊ नये म्हणून पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह लागतो. आपल्या अंगातही तेच आहे. हृदय रक्त खाली पायात ढकलते. ते परत वर कोण आणतो? पोटरी! आपण चाललो की पोटरीचा स्नायू आवळतो, शीर दाबली जाते, आणि रक्त वर सरकते. शिरेच्या आत बारीक झडपा असतात. त्या रक्ताला खाली येऊ देत नाहीत. ह्या झडपांवर इटलीतल्या पादुआ गावच्या फाब्रिसियस नावाच्या गुरुजींनी १६०३ साली पुस्तक छापले. त्यांचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली, रक्त अंगात गोल फिरते हे दाखवून दिले. त्याआधी मोठमोठ्या विद्वानांनाही ते माहीत नव्हते.

आता बाई चार दिवस खाटेवर निजून आहे असे समजा. पोटरीचा पंप बंद. रक्त पायात संथ होते. पाटाचे पाणी थांबले की तळाशी गाळ बसतो, कडेला शेवाळ धरते. तसेच इथेही होते.

एवढ्यावर भागत नाही. ती गुठळी पायात राहिली तर पाय सुजतो, दुखतो. पण तिचा तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर वर जातो. मांडीतून पोटात, पोटातून हृदयात, आणि हृदयातून फुप्फुसात. फुप्फुसाच्या नळ्या बारीक. तिथे तो अडकतो. मोठा तुकडा असेल तर माणूस बोलता बोलता जातो. ऑपरेशन छान झालेले असते, टाके कोरडे असतात, बाई उद्या घरी जायची असते, आणि संडासला म्हणून उठते ती खाली कोसळते. मग गावात बोलणे होते की भूल जास्त दिली, नाही तर कुणाची नजर लागली. खरे कारण पायात होते, आणि पायाकडे कुणी पाहिलेलेच नसते.

फुप्फुसातली ही गुठळी पायाकडून येते, हे जर्मनीच्या रुडॉल्फ विरशाव या डॉक्टरांनी शोधून काढले. मेलेल्या माणसाचे शरीर तपासून रोगाचे कारण शोधायचे, हे त्यांचे काम. १८५६ साली त्यांचे ह्या विषयावरचे लेख पुस्तकरूपाने निघाले. मोठा गृहस्थ. बर्लिन शहराला चांगली गटारे हवीत म्हणूनही तो भांडला. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. म्हणून २०१४ सालापासून १३ ऑक्टोबर हा दिवस रक्ताच्या गुठळीविषयी माहिती देण्याचा दिवस म्हणून जगभर पाळतात.

विरशावांच्या नावाने तीन कारणे सांगतात. रक्त संथ झाले, हे एक. शिरेला आतून इजा झाली, हे दुसरे. आणि रक्तच मुळात लवकर गोठणारे झाले, हे तिसरे. आता बायकांच्या ऑपरेशनात ही तिन्ही कशी जमून येतात ते बघा. गर्भपिशवी जिथे असते, तिथूनच पायांच्या मोठ्या शिरा वर जातात. पिशवीत नारळाएवढी गाठ असली, किंवा पोटात मूल असले, तर त्या शिरांवर दाब पडतो. पाइपावर दगड ठेवल्यासारखे होते. ऑपरेशनात त्याच जागी चिमटे, कात्री, टाके चालतात. शिरांना धक्का पोचतो. आणि रक्ताचे म्हणाल, तर गरोदर बाईचे रक्त आधीच लवकर गोठते. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. तजवीज चांगली, पण तिचा हा दुसरा धोका. तो बाळंत झाल्यावर लगेच जात नाही. सहा आठवडे राहतो. आपण बाळंतिणीला सव्वा महिना जपतो. ते दिवस जवळजवळ तेवढेच.

कॅन्सरच्या गाठीनेही रक्त लवकर गोठू लागते. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्यांनीही थोडेफार तसे होते.

मग डॉक्टरांनी पाय बघावेत आणि गुठळी असली तर औषध द्यावे, इतके सोपे का नाही? कारण पुष्कळदा गुठळी दिसतच नाही. पाय सुजत नाही, दुखत नाही, काही नाही. पहिली खूण दिसते ती एकदम छातीत. म्हणून गुठळी होण्याची वाट पाहायची नाही. कोणत्या बाईला ती होण्याचा संभव जास्त, हे आधीच मोजायचे. सिस्टरांचा कागद त्यासाठी आहे.

ह्या मोजण्याच्या रीती अनेक आहेत. अमेरिकेतले शल्यविशारद जोसेफ कॅप्रिनी यांची रीत पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यांनी ती १९९१ साली मांडली आणि २००५ साली सुधारली. शाळेत आम्ही गुण देत होतो, तसेच तिच्यात गुण आहेत. फरक इतकाच की इथे गुण जितके जास्त तितकी काळजी जास्त. इथे पहिला नंबर कुणालाच नको.

वय ४१ ते ६० असेल तर १ गुण. ६१ ते ७४ असेल तर २. पंचाहत्तर आणि पुढे ३. लहान ऑपरेशनाला १. पाऊण तासाहून लांबणाऱ्या मोठ्या ऑपरेशनाला २, मग ते पोट उघडून असो की दुर्बिणीने असो. अंग स्थूल असेल तर १. पायाच्या शिरा फुगलेल्या, १. पाय सुजलेले, १. गरोदर असेल किंवा बाळंत होऊन महिना झाला नसेल, १. संप्रेरकाच्या गोळ्या चालू असतील, १. कारण न कळता मूल पोटातच गेले असेल किंवा गर्भ पुन्हा पुन्हा पडला असेल, १. तीन दिवसांहून अधिक खाटेला खिळून असेल तर २. कॅन्सर असेल तर २. आणि पूर्वी स्वतःला गुठळी झाली असेल तर ३, रक्ताच्या नात्यात कुणाला झाली असेल तरी ३. यादी याहून लांब आहे. आपल्या कामापुरती एवढी पुरे.

भावाचे का विचारतात ते आता कळले ना? काही घराण्यांत रक्ताचा तो स्वभावच असतो. नाक-डोळे जसे आईबापांकडून येतात, तसा तोही येतो. त्याला एकदम तीन गुण आहेत.

आता फळ्यावर तीन उदाहरणे मांडू.

पहिली बाई ३४ वर्षांची. बांधा सडपातळ. बाळंत होऊन थोडेच दिवस झालेत. नसबंदीचे लहानसे ऑपरेशन. वयाचा गुण नाही. ऑपरेशनाचा १, बाळंतपणाचा १. बेरीज २. धोका कमी. तिला लवकर उठवायचे, हिंडते-फिरते ठेवायचे.

दुसरी बाई ५२ वर्षांची. पोट उघडून गर्भपिशवी काढायची. दीड-दोन तासांचे काम. वयाचा १, ऑपरेशनाचे २. अंगाने स्थूल आहे, १. पायावर निळ्या शिरा आहेत, १. बेरीज ५. पाच आणि त्यापुढे म्हणजे जास्त धोका.

तिसरी ६६ वर्षांची. अंडाशयाचा कॅन्सर. वयाचे २, ऑपरेशनाचे २, कॅन्सरचे २. झाले ६. आणि तिच्या सख्ख्या भावाला पूर्वी पायात गुठळी झाली होती, पण हे घरच्यांनी सांगितलेच नाही. ते तीन धरले असते तर नऊ झाले असते. बेरीज सिस्टरांची असली, तरी आकडे आपण द्यायचे असतात. आपण चुकीचे दिले तर उत्तर बरोबर कसे येणार?

इथे एक नाजूक गोष्ट बोलावी लागते. गोळ्यांची. माला-एन, माला-डी ह्या गोळ्या पुष्कळ बाया घेतात. निरोगी बाईला डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या घ्यायला हरकत नसते. पण ऑपरेशनापूर्वी सांगावे लागते. सासू शेजारी बसलेली असते. सून गोळी घेते हे सासूला ठाऊक नसते. मग सून मान हलवते, "काही नाही घेत." सणावाराला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तर दुकानातून परस्पर आणल्या जातात आणि त्यांना कुणी औषध समजतच नाही. त्यासुद्धा सांगाव्यात. आमचे सासूबाईंना हात जोडून सांगणे आहे की सिस्टर कागद घेऊन आल्या की आपण चहाला म्हणून बाहेर जावे. नवऱ्यानेही जावे. काही नवरे सगळ्या प्रश्नांची उत्तरे स्वतःच देतात. पाय तिचे, गोळ्या तिच्या, पडलेला गर्भ तिचा. उत्तर तिलाच देऊ द्या.

आणखी एक. सांगितल्यावर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मोठे ऑपरेशन असेल तर डॉक्टर काही आठवडे आधी बंद करायला सांगतात आणि त्या काळापुरता दुसरा उपायही सुचवतात. नाही तर ऑपरेशनाच्या दिवशी बाई गरोदर निघायची.

आता उपाय. सगळ्यांत स्वस्त उपाय चालणे. पूर्वी डॉक्टरच ऑपरेशनानंतर रोग्याला दोन-दोन, तीन-तीन आठवडे झोपवून ठेवीत. १८९९ साली शिकागोचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल रीस यांनी आपल्या बायांना एक-दोन दिवसांतच उठवायला सुरुवात केली आणि तसे छापून सांगितले. फारसे कुणी ऐकले नाही. मग दुसरे महायुद्ध आले. जखमी फार, खाटा कमी. लोकांना लवकर उठवावेच लागले. आणि लवकर उठलेले लोक लवकर बरे होतात असे दिसले. तेव्हा कुठे जगाला पटले.

आपल्याकडे अजून पुरते पटलेले नाही. बाईचे पोट उघडले म्हणजे तिने हलू नये, शिवण उसवेल, असे आपल्याला वाटते. सिस्टर उठवायला येतात आणि आई म्हणते, "राहू द्या हो, आजच्या दिवस निजू द्या." माया आहे, कबूल. पण ही माया पोटरीचा पंप बंद ठेवते. डॉक्टरांनी उठायला सांगितले की उठवावे. आधी खाटेच्या कडेला बसवावे, चक्कर येत नाही ना ते पाहावे, मग हात धरून दाराशी आणि परत. ज्या बाईला अजून उठता येत नाही, तिने निजल्या निजल्या पावले पुढे-मागे करावीत. शिवणयंत्राचा पाय मारतो तशी. तासातासाला दहा-वीस वेळा.

पाण्याचेही असेच आहे. संडासला जायला लाज वाटते, कुणाला तरी हाक मारावी लागते, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. पाणी कमी पडले की रक्त दाट होते. डॉक्टरांनी प्यायला परवानगी दिली की पाणी प्यावे आणि हाकही मारावी.

दुसरा उपाय पायाचा. घट्ट लांब मोजे देतात. ते मापाने द्यायचे असतात. आपल्या बाया उकडते म्हणून ते गुडघ्याखाली गुंडाळून ठेवतात. त्याने पायाला करकचून दोरी बांधल्यासारखे होते, आणि फायद्याऐवजी नुकसान होते. काही दवाखान्यांत पायाला हवेच्या पिशव्या बांधतात. यंत्राने त्या फुगतात आणि ओसरतात. पोटरीचे काम यंत्र करते. बी.पी.चे यंत्र सारखे फुगते आहे असे वाटून कुणी ते सोडून ठेवू नये.

तिसरा उपाय इंजेक्शनाचा. औषधाचे नाव हेपारिन. त्याचा शोध १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला लागला. गंमत अशी की तो रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता, आणि सापडला गोठू न देणारा! आता त्याचाच एक सुधारलेला प्रकार दिवसातून एकदा पोटाच्या कातडीखाली टोचतात. हे औषध डुकराच्या आतड्यापासून काढतात. ज्यांना धर्मामुळे किंवा व्रतामुळे ते चालत नसेल त्यांनी आधीच मोकळेपणी सांगावे. दुसरे औषधही असते.

ह्याचा उपयोग खरोखर होतो का? विजय कक्कर नावाचे मूळचे भारतीय डॉक्टर लंडनला होते. त्यांच्या पुढाकाराने बऱ्याच देशांतल्या दवाखान्यांनी मिळून एक प्रयोग केला. तो १९७५ साली छापून आला. चाळिशी उलटलेले, मोठे ऑपरेशन झालेले ४१२१ रोगी. साधारण निम्म्यांना हेपारिनची थोडी मात्रा दिली, निम्म्यांना दिली नाही. न दिलेल्यांत १६ जण फुप्फुसातल्या गुठळीने दगावले. दिलेल्यांत २. ही वजाबाकी आपण घरी करावी.

ब्रिटनमधल्या बाळंतिणींचे आकडेही बघण्यासारखे आहेत. २००३ ते २००५ या तीन वर्षांत तिथे गुठळीमुळे ४१ माता दगावल्या. २००४ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने गरोदर बायांचा धोका कसा मोजावा याची रीत घालून दिली होती. ती रुळल्यावर, २००६ ते २००८ या तीन वर्षांत, १८ माता गेल्या. पुढे २०१० पासून इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांत भरती होणाऱ्या मोठ्या माणसांचा धोका मोजून नोंदवायचा, असा दंडकच झाला.

मग सगळ्यांनाच ते इंजेक्शन का देत नाहीत? दिले तर रक्त गोठत नाही, आणि ऑपरेशनात तर ते गोठायला हवे असते! जखम ओली असते. फार रक्त गेले तर तोही जिवाशी खेळ. म्हणून डॉक्टर तागडी धरतात. एका पारड्यात गुठळी, दुसऱ्या पारड्यात रक्तस्राव. ह्यासाठीच ते आणखी विचारतात: पोटात व्रण आहे का, शौचातून काळे पडते का, दात काढल्यावर रक्त थांबत नव्हते का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, डोकेदुखीसाठी किंवा हृदयासाठी ॲस्पिरिनसारखी गोळी चालू आहे का. कमरेत सुई टोचून भूल द्यायची असेल तर ह्या इंजेक्शनाची वेळ तासांच्या हिशेबाने पाळावी लागते. तेव्हा ते बाहेरच्या दुकानातून आणायला सांगितले, तर रमतगमत आणू नये, आणि कोणत्या वेळी टोचले ते विचारून लिहून ठेवावे.

सगळ्याच दवाखान्यांत हा कागद भरतात असे नाही. कुठे गर्दी असते, कुठे पद्धतच नसते. कुणी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. "डॉक्टरसाहेब, माझ्या बहिणीला पायात गुठळी झाली होती," एवढे एक वाक्य पुरते.

आणि त्याच्याही आधी एक प्रश्न आपण विचारावा. हे ऑपरेशन खरोखर लागते का? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे वर्तमानपत्रांत आले, आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरे जाते, पाळीत दुखते, एवढ्यावरून तरुण बाईची पिशवी काढायची नसते. त्याला पुष्कळदा साधे औषध चालते. जे ऑपरेशन झालेच नाही, त्यातून गुठळी होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

आता घरी आल्यावरचे. धोका दवाखान्याच्या दारात संपत नाही. आठवडे दोन आठवडे, कधी महिनाभरानेही गुठळी होते. आम्हाला माहीत असलेल्या एका घरची हकीकत सांगतो. बाईची पिशवी काढून दहा दिवस झाले होते. डावी पोटरी सुजली, ठणकू लागली, हाताला गरम लागत होती. घरच्यांना वाटले, वात आला. तेल कोमट केले. चोळायला माणूस बोलावले. त्या घरची धाकटी जाऊ आदल्या वर्षी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली होती. दवाखान्यातून मिळालेला कागद तिने काढला. सगळा इंग्रजीत. पण तळाशी मराठीत एक शिक्का होता. तिने अक्षर लावून वाचले: "एक पाय सुजल्यास किंवा पोटरी दुखल्यास चोळू नये. ताबडतोब यावे." चोळायला आलेल्या बाईला वाईट वाटले, थोडी बोलाचाली झाली. पण तेलाची वाटी बाजूला राहिली आणि जीप बोलावली गेली. दवाखान्यात पायाची सोनोग्राफी केली. मांडीपर्यंत गुठळी होती. औषध चालू झाले, काही महिने चालले. ती बाई आज शेतात जाते.

चोळणे आपल्याकडे मायेचे काम आहे. बाळंतिणीला तेल लावू नका असे आम्ही म्हणत नाही. पण एकच पाय सुजला असेल, दुखत असेल, लाल किंवा गरम असेल, तर त्याला हात लावायचा नाही. चोळल्याने तुकडा सुटायची भीती असते. शेकायचेही नाही. दवाखाना गाठायचा.

आणि पायात काही नसतानाही एकाएकी दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, घेरी येऊन बाई पडली, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ नंबर फिरवावा. तो फुकट आहे. गाडीतल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे की हिचे अमुक दिवसांपूर्वी ऑपरेशन झाले आहे, किंवा ही बाळंतीण आहे. ते न सांगितले तर दम्याचा, अशक्तपणाचा विचार आधी होतो आणि वेळ जातो.

घरी येताना प्रवास लांबचा असेल, चार तासांहून अधिक बसून, तर मध्ये गाडी थांबवून बाईला चार पावले चालवावे. पाय दुमडून मागच्या बाकावर सामानात कोंबून आणू नये.

कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या बाईला पुष्कळदा घरी आल्यावरही इंजेक्शने घ्यायला सांगतात, एकंदर चार आठवडे. दहा दिवसांनी बरे वाटते, इंजेक्शने महाग असतात, म्हणून घरचे ती बंद करतात. तसे करू नये. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना सांगावे. सरकारी दवाखान्यात काय मिळते, त्याऐवजी गोळी चालेल का, ते तेच सांगू शकतात. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, नाही तर काळेनिळे पडते. रोज जागा बदलायची, आज बेंबीच्या डाव्या अंगाला, उद्या उजव्या. टाक्यांतून रक्त आले, लघवी लाल झाली, शौच डांबरासारखे काळे झाले, तर पुढचे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना दाखवायचे.

आता राहिल्या वापरलेल्या सुया. त्या उकिरड्यावर टाकू नयेत, तिथे पोरे अनवाणी फिरतात. जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावावे. बरणी उंचावर ठेवावी, आणि टाके दाखवायला जाल त्या दिवशी ती दवाखान्यात सिस्टरांच्या हातात द्यावी.